तळ्याखालचं पांढरं कापड

पहाटे साडेचार

मे महिन्यात बुऱ्हाणपूर भागात शेततळ्याचा कागद अंथरायचा तर सूर्याच्या आधी उठायला लागतं. एचडीपीईचा काळा कागद तापला की वाढतो आणि निवला की आखडतो. तीस मीटर लांबीचा पट्टा तीस अंशांनी तापला तर पंधरा-वीस सेंटिमीटर वाढतो. भर दुपारी तो ताणून, इस्त्री केल्यासारखा सपाट बसवला की मालक खूश होतो. रात्री हाच कागद आखडतो, कोपऱ्यांत जमिनीपासून उचलला जातो, आणि पाणी भरलं की सगळा ताण तिथल्या जोडावर येतो. म्हणून वेल्डिंग पहाटे आणि सांजवेळी. मधल्या वेळात काम कमी, बोलणं जास्त.

मुक्काम शहापूरला. जीपमध्ये जनरेटर, हॉट वेजचं मशीन, हातातली गरम हवेची गन, रबरी रोलर, रेतीच्या गोण्या आणि पाण्याचे जार. आमच्या टोळीत सहा जण. मशीन चालवणारे चाचा बुऱ्हाणपूरचे, उमेदीची वर्षं पॉवरलूमवर काढलेले. बाकीचे चौघे रावेर तालुक्यातले तरुण. केळीच्या कापणीपेक्षा हे काम बरं, असं त्यांचं मत. मे महिन्यापुरतं तरी मला ते पटत नाही.

साडेपाच

तळं तीस बाय तीस मीटर, खोली तीन. बाजूंचा उतार एकास दीड. जेसीबीवाल्याने उतार बरा काढलाय. पुष्कळ ठिकाणी पैसे वाचवायला भिंती उभ्याच ठेवतात आणि पहिल्या पावसाळ्यात माती कागदाच्या मागून घसरते.

वरची दीड मीटर काळी माती, खाली पिवळसर थर, आणि त्यात तापीच्या गाळात सगळीकडे सापडतात तसे चुनखडीचे खडे. दिसायला निरुपद्रवी, सुपारीएवढे. पण काहींची टोकं अशी की बोटाला रक्त काढतील. तळ्यावर पोचल्यावर पहिलं काम मशीन उतरवायचं नाही. चपला काढायच्या आणि तळभर अनवाणी फिरायचं. आमच्याकडे एकच नियम: पायाला टोचलं की कागदालाही टोचणार. पोरं एका रांगेत चालतात, वाकतात, वेचतात. तासाभरात चार घमेली खडे निघतात, एक फुटकी बाटली आणि ठिबकच्या नळीचे तुकडेही.

खड्यांपेक्षा मला भीती लव्हाळ्याची. त्याच्या गाठी जमिनीत राहिल्या तर अंकुर सुईसारखा वर येतो आणि प्लास्टिक फोडतो. पूर्वेच्या उतारावर एक हिरवी जागा दिसली. ती कुदळीने हातभर खोल काढली, गाठी वेचल्या, माती परत दाबली. आबांनी विचारलं, "एवढ्याशा गवताले कायले भेता?" आबा म्हणजे शेताचे मालक. वय सत्तरीच्या घरात, डोक्याला रुमाल, आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची सवय. मला अशी गिऱ्हाइकं आवडतात. न विचारणारी नंतर भांडतात.

साडेसहा

आज खरी झटापट होती ती या वेळची. आम्ही पांढरे रोल उतरवले तसे आबा उठून आले.

"हे कापड कायले? पैसे तर कागदाचे ठरले होते ना?"

कोटेशनमध्ये लिहिलं होतं. पण कोटेशन कोण वाचतं? आणि हे कापड नंतर कधी दिसणार नाही. त्यावर कागद येणार, कागदावर पाणी. न दिसणाऱ्या वस्तूवर पैसे खर्च करायला माणसाचा जीव होत नाही. त्यात आबांचा दोष नाही.

मी तोंडाने सांगत बसलो नाही. वेचलेल्या खड्यांतला एक टोकदार खडा दगडावर ठेवला, त्यावर कागदाचा तुकडा आणि आबांना म्हटलं, अंगठ्याने दाबा. त्यांनी दाबलं. काळ्या कागदावर खड्याचं टोक पांढुरकं उमटलं. ताणलेलं एचडीपीई असं पांढरं पडलं की तिथे त्याची ताकद गेली म्हणून समजायचं. मग खडा आणि कागद यांच्यामध्ये कापडाचा तुकडा घातला. "आता दाबा." आबांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. नुसता उंचवटा आला, टोक आलं नाही. तीन मीटर पाणी म्हणजे तळाच्या दर चौरस मीटरवर तीन टन, रात्रंदिवस. आबांचा अंगठा थकेल, पाणी थकणार नाही.

"मंग टाका," एवढंच बोलून ते बांधावर जाऊन बसले.

हे कापड म्हणजे नॉनवोव्हन जिओटेक्स्टाइल, दोनशे जीएसएमचं. म्हणजे एका चौरस मीटरचं वजन दोनशे ग्रॅम. रोलवर छापलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. खिशात सोनाराचा छोटा काटा असतो. दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापायचा आणि तोलायचा. दोन ग्रॅम भरला तर माल बरोबर. दीडच भरला तर रोल परत. पाचशे मायक्रॉन कागदाचा तेवढाच तुकडा पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. शेतकऱ्यांनी हे स्वतः करावं. काटा दोन-चारशे रुपयांना मिळतो, आणि काटा बघितला की विक्रेत्याची भाषा बदलते. सरकारनेही जिओटेक्स्टाइलसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला आहे, मानक ब्यूरोची खूण बघून घ्यावी. तरीही काटा खिशात असू द्यावा.

रोल पाच मीटर रुंदीचा. वरच्या काठावर ठेवून उतारावरून सोडत आणायचा. पट्ट्यांचा एकमेकांवर फूटभर चढाव. गरम हवेने जागोजाग चिकटवत जायचं, म्हणजे वाऱ्याने सरकत नाही. आणि जेवढं अंथराल तेवढं लवकर झाकायचं. हे कापड पॉलिप्रोपिलीनचं, त्याला ऊन बाधतं. महिनोन्‌महिने उघडं पडलेलं कापड हाताने फाटतं.

चाचांनी कापडाचा काठ बोटांनी उसकटून पाहिला. ताणा नाही, बाणा नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "ये बुना किसने है?"

विणलेलंच नाही. आखूड तंतूंची गादी पसरतात आणि वरून हजारो काटेरी सुया खालीवर मारतात. तंतू एकमेकांत अडकतात आणि कापड तयार होतं. चाचांना ते फारसं रुचलं नाही. ज्या गावात घरटी मागाचा आवाज ऐकत लोक मोठे झाले, तिथल्या माणसाला न विणलेलं कापड म्हणजे फसवणूकच. मी त्यांना सांगितलं की विणलेलंही जिओटेक्स्टाइल असतं. जिथे ताण घ्यायचा असतो, म्हणजे भराव, बंधारे, समुद्रकाठच्या रेती भरलेल्या मोठ्या नळ्या, तिथे विणलेलंच लागतं. त्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला.

आणि कापसाच्या गावाला आवडेल अशी एक गोष्ट या धंद्याच्या इतिहासात आहे. १९२६ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्याच्या रस्ते खात्याने मातीच्या रस्त्यावर जाड सुती कापड अंथरलं, त्यावर गरम डांबर ओतलं आणि वर रेतीचा पातळ थर दिला. काही वर्षं लक्ष ठेवून निष्कर्ष छापले: भेगा कमी, खड्डे कमी. कापूस मात्र शेवटी कुजला. दुसऱ्या महायुद्धानंतर न कुजणारे कृत्रिम धागे स्वस्त झाले तेव्हा ही कल्पना पुन्हा उठली. जिओटेक्स्टाइल हे नाव तर त्याहून तरुण. जे. पी. जिरू या फ्रेंच अभियंत्याने ते १९७७ च्या पॅरिस परिषदेच्या सुमारास रूढ केलं. म्हणजे माग आणि कापूस दोन्ही असलेल्या बुऱ्हाणपुरात हे कापड बाहेरून रोल भरून यावं, हे मला तरी खटकतं.

आठ

ट्रायल वेल्ड. रोज मशीन सुरू केल्यावर आधी फालतू पट्ट्यांवर जोड मारायचा. कालची सेटिंग आज चालत नाही. हवा, कागदाचं तापमान, जनरेटरचा दाब, सगळं बदललेलं असतं. जोडाची इंचभर रुंद पट्टी कापायची आणि दोन्ही टोकं पकडून सोलायची. जोड सोलून निघाला तर नापास. जोड तसाच राहून शेजारचा कागद ताणला, फाटला, तर पास. पहिली पट्टी सुटली. चाचांनी वेग जरासा कमी केला. दुसरी पास.

मग अडीच तास कोणी फार बोललं नाही. दोन पट्ट्यांचा चार बोटं चढाव, पुढे एक पोरगा कोरड्या फडक्याने धूळ पुसत जाणार, मागे मशीन गुरगुरत चालणार. तापलेली पाचर दोन्ही कागदांच्या मधून जाते, पृष्ठभाग वितळवते आणि मागची चाकं ते दाबून टाकतात. एका जोडात दोन समांतर रेघा, मध्ये बारीक पोकळ वाट. ती पोकळी मुद्दाम ठेवलेली असते, संध्याकाळी कामाला येते.

साडेदहा

बंद. काळ्या कागदावर आता हात ठेववत नाही.

दुपार

आबांच्या केळीत बसलो. केळीच्या बागेत बाहेरपेक्षा हवा चांगलीच थंड असते. भाकरी, ठेचा, कांदा. आबांच्या घरून आमरस आला.

जेवण झाल्यावर आबांनी हिशेब मांडला, कारण हिशेब हाच त्यांचा विरंगुळा. तळं काठोकाठ भरलं तर साधारण वीस लाख लिटर. केळी पाच बाय पाच फुटांवर, एकरी सतराशे-अठराशे खोडं. मे महिन्यात ठिबकने खोडाला वीस लिटर धरा. म्हणजे एकराला दिवसाला पस्तीस हजार लिटर.

"मंग एका एकराले दोन महिने!" आबा खूश.

मी म्हटलं, आबा, वरून सूर्यही पितो. या दिवसांत रोज सेंटिमीटरभर पाणी उडतं. नऊशे चौरस मीटर पृष्ठभागावरचं सेंटिमीटरभर म्हणजे नऊ हजार लिटर. पाणी खाली जाईल तसा पृष्ठभाग लहान होतो, पण दोन महिन्यांचे दीड महिना धरा. आणि तुमची केळी एक एकर नाही, चार आहे.

चार एकराला तेरा-चौदा दिवस. आबा गप्प झाले. मग म्हणाले, लाइट आठ-आठ दिवस गडबडते तेव्हा तेरा दिवस म्हणजे फार झाले. हे उत्तर मला पटलं. तळं एवढ्यासाठीच बांधावं.

नाही पटत ते दुसरं. या पट्ट्यात बरीच तळी बोअरच्या पाण्याने भरतात. जमिनीच्या पोटात जिथे एक थेंब उडत नाही तिथलं पाणी उपसून उन्हात आणून ठेवायचं आणि खाली कागद घालून ते परत मुरायची वाटही बंद करायची. मी कागद विकून पोट भरतो, तरी हे बोलतो. बुऱ्हाणपुरातच, सात-आठ कोसांच्या आत, याचं उलटं उदाहरण आहे. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, नुसत्या उतारावर, शहरापर्यंत आणलं. वर शंभराहून जास्त कुंड्या, हवेसाठी आणि साफसफाईसाठी. पाणी शेवटपर्यंत सावलीत. पंप नाही, कागद नाही. आज तो युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. आबांचं तळं पावसाळ्यात नाल्याच्या पाण्याने भरणार आहे, म्हणून मी हे काम आनंदाने घेतलं.

तीनच्या सुमारास माझा एक जुना सहकारी भेटायला आला. महामार्गाच्या कामावर प्रयोगशाळा सांभाळतो. मीही आधी रस्त्यावरच होतो, त्यामुळे आमचं बोलणं फिरून काळ्या मातीवर येतं. एक प्रयोग कुणालाही घरी करता येईल. वाळवून चाळलेली काळी माती दोन मोजपात्रांत दहा-दहा ग्रॅम घ्या. एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तासांनी बघा. रॉकेलमध्ये माती तशीच बसलेली असते, पाण्यात ती फुगून वर चढलेली असते. दोन उंचींतला फरक टक्क्यांत काढायचा. पन्नासच्या वर गेला तर रस्त्याच्या भरावात ती माती चालत नाही, असं रस्ते मंत्रालयाचे मापदंड सांगतात. इकडची काळी माती हा पन्नासचा उंबरठा सहज ओलांडते. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज थरांच्या मध्ये पाणी ओढून घेतं. उन्हाळ्यात तीच माती एवढी फाटते की भेगेत हात जातो.

अशा मातीवर खडी टाकली तर पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. खडी खाली चिखलात जाते आणि चिखल वर खडीत चढतो. वरून पुन्हा खडी टाका, पुन्हा तेच. मध्ये हे पांढरं कापड घातलं की पाणी त्यातून निघून जातं, मातीचे कण अडतात, खडी खडीच्या जागी राहते. इथे ते कागदाला खड्यापासून वाचवतं, तिथे खडीला मातीपासून. सहकारी हसून म्हणाला, "आणि दोन्हीकडे बिलातून पहिलं तेच कापलं जातं." खरं आहे. रस्ता खचला की डांबराला शिव्या, तळं गळलं की कागदाला. खालच्याची चौकशी कोणी करत नाही.

एका पोराने विचारलं, केळीच्या खोडाच्या धाग्याचं असं कापड नाही का होणार? बुऱ्हाणपुरात त्या धाग्याच्या वस्तू करतात, प्रश्न रास्त आहे. तळ्याखाली नाही, कुजेल. पण रस्त्याच्या भरावाच्या उतारावर दोन-तीन पावसाळे माती धरून ठेवायची आणि गवत रुजलं की आपण कुजून जायचं, या कामाला काथ्याच्या आणि तागाच्या जाळ्या वापरतातच. त्या कामात कुजणं हा गुणच आहे. केळीच्या धाग्याचा असा प्रयोग कोणी मनावर घेऊन केला तर कच्चा माल इथे बांधावर पडलेला आहे.

चार

वावधान उठलं. याच दिवसांत इकडे उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात. मोकळा कागद अंगणभर फुगला आणि दोन पोरं त्यावर पालथी पडली. आम्ही रेतीच्या गोण्या टाकत सुटलो. गोण्याच, दगड नाही, कितीही घाई असली तरी. दहा मिनिटांत वारा पडला. कागद तपासला. एका ठिकाणी गोणीच्या शिवणीतला तारेचा तुकडा घासून ओरखडा पडला होता. ठिगळ गोल कापायचं असतं, चौकोनी नाही. चौकोनाचा कोपरा सुटायला सुरुवात होते.

साडेपाच

शेवटचे तीन जोड आणि मग हवेची परीक्षा. जोडातल्या त्या पोकळ वाटेची दोन्ही टोकं बंद करायची, एका टोकाला सुई खुपसून पंपाने दीड-दोन किलोचा दाब भरायचा आणि पाच मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर जोड टिकला. पण तेवढ्यावर सोडायचं नाही. दुसरं टोक कापायचं आणि तिथून हवा फुस्सकन निघते का बघायचं. नाही निघाली तर वाट मध्येच चिकटलेली आहे, आणि तपासणी फक्त अर्ध्या जोडाची झाली. हे दुसरं टोक कापायला बरेच जण विसरतात. काही जण सोयीने विसरतात.

सातव्या जोडाचा काटा उतरला. साबणाचं पाणी लावत गेलो, मध्यावर बुडबुडे आले. तिथे धूळ राहिली होती. गरम हवेने पट्टी चढवली, पुन्हा पाच मिनिटं. राहिला.

सात

कागद आता निवलेला, सैल ठेवलेल्या सुरकुत्या निम्म्या उतरलेल्या. हीच वेळ काठ पुरायची. काठापासून मीटरभर मागे दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर, त्यात कागदाचा आणि कापडाचा शेवट उतरवून वर चाळलेली माती. पोरांनी पावडी चालवली, आबांचा नातू बादलीने पाणी मारत होता.

चर बुजल्यावर एकच काम राहतं, आणि ते कोणत्याच बिलात नसतं. ओल्या कागदाच्या उतारावर पाय ठरत नाही. शेवाळ धरल्यावर तर पट्टीचा पोहणाराही काठाला हात लावून परत घसरतो. महाराष्ट्रात दर वर्षी शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि मुलाला काढायला उतरलेली मोठी माणसंही जातात. म्हणून आम्ही चारही कोपऱ्यांत लोखंडी खुंट ठोकतो आणि हात-हात अंतरावर गाठी मारलेला नायलॉनचा दोर तळापर्यंत सोडतो. नातवाला बाहेरून आत आणि आतून बाहेर दोनदा चढायला लावलं, तळं कोरडं असतानाच. आबांना कुंपणाची जाळी कुठून घ्यायची ते सांगितलं आणि जाळी लागेपर्यंत पाणी सोडायचं नाही असा शब्द घेतला.

तुमच्या शिवारात कागद घातलेलं तळं असेल आणि त्यात दोर नसेल, तर उद्या सकाळी बांधा. चार दोरांना फार पैसे लागत नाहीत.